फुगा खाली पडू द्यायचा नाही

ताईने खोकं उचललं तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. तिने ते ज्या पद्धतीने उचललं ते बघून मी तिथेच थांबले. पण खोक्यापर्यंत पोचायला मला जरा मागे जावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका बाईने खोकं उचललं, त्यात एवढं काय.

चाळिशी उलटेपर्यंत मी एका विमा कंपनीच्या तक्रार खात्यात बसले. बसले हा शब्द मुद्दाम वापरते, कारण तिथे दुसरं काही करायचंच नसतं. कानाला फोन, समोर स्क्रीन आणि पलीकडून लोकांचा शिमगा. आधी मान आखडली, मग खांदे गेले, आणि एक दिवस पडलेलं पेन उचलायला वाकले ती तशीच राहिले. दोघा सहकाऱ्यांनी मला चाकाच्या खुर्चीवर घालून लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. अख्खा मजला बघत होता. माझ्या नाकावर कायम राग असतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तोंडावर कोणी हसलं नाही, पण लिफ्टचं दार लागल्यावर हसले असणारच. मीही हसले असते.

त्याच आठवड्यात मी घरामागच्या जिममध्ये नाव घातलं. जिम कसली, एक तळघर. आरसे कमी, गंज जास्त. ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. साठीकडे झुकलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, आणि हसण्याशी हाडवैर. मास्तरांची एक पद्धत होती. वजनासमोर उभं राहायचं, दोन्ही तळवे मांड्यांच्या मागे पुसायचे, उजवी टाच एकदा जमिनीवर आपटायची, वजनाला हात लावून हळूच ‘चल’ म्हणायचं आणि मगच उचलायचं. न सांगता उचललेलं वजन कंबर धरतं, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य इतकंच की एवढं सगळं होईपर्यंत माणूस नीट उभा राहतो. पण सवय अशी जडते की मास्तरांकडचा माणूस घरी पाण्याची बादलीसुद्धा टाच आपटून उचलतो. दुकानात कोणी पिशवी उचलताना ‘चल’ म्हणालं की ओळखायचं, हा तळघरातला.

माझी कंबर सुटली. नुसती सुटली नाही, मला त्या कामाची गोडीच लागली. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी मी मास्तरांच्या हाताखाली उभी राहू लागले. शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली, ट्रेनरची परीक्षा दिली, पास झाले. आणि तिथे उभं राहून मला एक गोष्ट दिसायला लागली, ती म्हणजे लोक येतात आणि पळून जातात. पैसे भरतात, नवे बूट घेतात, पंधरवडाभर दात ओठ खाऊन ट्रेडमिलच्या धावपट्टीवर धावतात आणि मग गायब. मास्तर म्हणायचे, लोकांत दम नाही. मला वाटायचं, लोकांना कंटाळा येतो, एवढं साधं आहे.

आमच्याकडे एक हिशेबनीस यायचे, पोट पुढे, माणूस मागे. धावपट्टी बघितली की त्यांचा चेहरा मयताला निघाल्यासारखा व्हायचा. एकदा मी गमतीने त्यांच्याकडे चेंडू फेकला, तर गृहस्थ तळघरभर धावले. खांबाला आपटले, तरी धावले. मग मी रोज त्यांच्याशी चेंडू खेळायला लागले. एक बसचालक होते, त्यांना चालणं म्हटलं की गुडघे दुखायचे, पण गाणं लावलं की तेच गुडघे नाचायचे. एका बाईंना मी भिंतीवर कापडी चेंडू मारायला लावला आणि भिंत म्हणजे तुमचा साहेब असं समजा म्हटलं. त्या बाईंनी एक दिवस चुकवला नाही. ज्याला जे करायला आवडतं त्यातून त्याचा घाम काढायचा, हे माझं शास्त्र झालं. मास्तर कोपऱ्यातून बघत आणि म्हणत, “इथे काय लोक मजा करायला येतात?” मी म्हणायची, म्हणूनच तर येत नाहीत.

आता ताई. आई गेली तेव्हा मी पाटी-दप्तराच्या वयाची होते आणि ताई कॉलेजात. माझी वेणी, माझा डबा, माझे ताप, सगळं तिनेच काढलं. ती मला अजून धाकटे म्हणूनच हाक मारते. लहानपणी मी फार हुशार होते. पत्ते घ्या, सागरगोटे घ्या, बुद्धिबळ घ्या, ताईला मी हरवायचीच. एवढी मोठी बहीण आणि पानिपत ठरलेलं. हे मी माझ्या ऑफिसात फुशारकीने सांगत असे. ताई पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. एका जागी बसून, चष्मा नाकावर ओढून, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. शांत बाई. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

दोन वर्षांपूर्वी पडदे लावताना ताई स्टुलावरून पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, हाडं विरळ झालीत, आता स्नायूंना आणि हाडांना काम द्या, नाहीतर पुढच्या वेळी खुबा जाईल आणि मग अंथरूण. मी ताईला त्याच संध्याकाळी म्हटलं, चल मास्तरांकडे. ती म्हणाली, या वयात मी लोखंडात जाऊन मरणार नाही. मी समजावलं, ओरडले, भावजींना मध्ये घातलं. बाई हलेना.

मग मी माझं शास्त्र बाहेर काढलं. एक दिवस फुग्यांचं पाकीट घेऊन तिच्या घरी गेले, टीपॉय बाजूला सरकवला आणि म्हटलं, फुगा खाली पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. फुगा हळू येतो, त्यामुळे भीती वाटत नाही, पण कुठे जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे वाकावं लागतं, वळावं लागतं, एका पायावर तोल सांभाळावा लागतो. ताई आधी लाजली. मग हसली. मग सोफ्याला वळसा घालून धावली. भावजी पेपर बाजूला ठेवून गुण मोजायला बसले. पुढे मी त्यात भर घातली. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारून तिच्यावरून लिंबू-चमचा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पाडून उभ्या करणं, दोन बादल्या घेऊन खोल्यांमधून शर्यत. ऑफिसातून दमून आले तरी तिथे गेले की माझा शीण जायचा. दर वेळी निघताना मी विचारायची, मजा येते ना? आणि ताई म्हणायची, “हो गं, फार.”

हे लक्षात ठेवा. मी विचारत होते.

वर्षभराने डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, वा, हाडांत चांगला फरक आहे, असंच चालू ठेवा. मी दवाखान्याच्या दारात ताईला उचलून घ्यायचीच बाकी होते. हिशेबनीस हलके झाले, बसचालकांचे गुडघे सुधारले, ते सगळं ठीक होतं. पण हाडं! ज्याला सगळे म्हणतात लोखंडाशिवाय होत नाही, ते मी फुग्याने आणि बादलीने करून दाखवलं होतं. पुस्तकात वाचलेलं मला माहीत होतं. हाडाला जड ओझं लागतं, हे मीच परीक्षेत लिहिलं होतं. पण डोळ्यांसमोर ताई जिना चढत होती, खुर्चीवरून हात न टेकता उठत होती. पुस्तकापेक्षा मी बहिणीवर विश्वास ठेवला.

मी नोकरीचा राजीनामा दिला. मास्तरांना सांगायला गेले तेव्हा ते वजनाच्या बारवरची धूळ पुसत होते. तुझ्या बहिणीच्या हाडांवर धंदा काढतेस तर, असं काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, जा, खेळव लोकांना. मला तो मत्सर वाटला. मी फर्निचरच्या दुकानावरचा एक हॉल भाड्याने घेतला, त्याला पिवळा रंग दिला, जमिनीवर रेघा मारून घेतल्या आणि जिन्याशी पाटी लावली: ‘हसत खेळत हाडं मजबूत’. पाटीचा मजकूर मी ताईकडूनच तपासून घेतला होता. ‘मजबूत’मधला पहिल्या वेळी ऱ्हस्व पडलेला उकार तिने दीर्घ केला. बाकी बरोबर आहे म्हणाली. वर मला एक पितळी शिट्टी भेट दिली, गळ्यात घालायला.

हॉल उघडायच्या दिवशी सकाळी ओळखीतले, शेजारपाजारचे, डॉक्टरांनी पाठवलेले असे लोक यायचे होते. कार्यक्रम साधा होता. ताई उठून चार वाक्यं बोलणार, मग आम्ही दोघी फुगा खेळून दाखवणार, मग लोकांनी नावं द्यायची. ताई म्हणजे माझा पुरावा होती. तिच्याशिवाय मी म्हणजे फुगे विकणारी बाई.

आम्ही दोघी लवकर जाऊन खुर्च्या मांडत होतो, तेवढ्यात एक टेम्पोवाला एक लाकडी खोकं दारातच टेकवून निघून गेला. वर मास्तरांचं नाव असलेली चिठ्ठी आणि ‘शुभेच्छा’. झाकण उचकटून बघते तर आत जुन्या लोखंडी चकत्या. माझा पारा चढला. माझ्या पिवळ्या हॉलमध्ये, उद्घाटनाच्या दिवशी, हा गंज! आणि तोही नेमका दारात, की येणाऱ्याने आधी त्याला ठेचकाळावं. मी ओढून बघितलं, जागचं हलेना, आणि घाईघाईत नीट वाकायला माझी साडी आड येत होती. ताईला म्हटलं, तू हात लावू नकोस, मी खालून दुकानातल्या माणसांना घेऊन येते.

दुकानात माणसं नव्हती, फक्त सोफ्यावर झोपलेला पहारेकरी होता. मी तशीच परत जिना चढले.

ताई खोक्यासमोर उभी होती. पाय खांद्यांइतके फाकवलेले. तिने दोन्ही तळवे मांड्यांच्या मागे पुसले. उजवी टाच जमिनीवर आपटली. कंबर मागे नेत खाली बसली, खोक्याच्या कडांना हात घातले आणि ओठ हलले. आवाज आला नाही, पण मला तो शब्द ऐकायची गरज नव्हती. मग पाठ सरळ ठेवून ती उठली, खोकं मांड्यांशी धरून चार पावलं चालली आणि ते भिंतीशी अलगद ठेवलं, चकत्यांचा आवाजही न होऊ देता.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिच्याकडे बादल्या तीच उचलायची, मी तिच्यासमोर कधी टाच आपटली नव्हती. हे जगात फक्त एकाच ठिकाणी शिकवतात.

“हात दाखव,” मी म्हणाले.

ती दचकली. मग तिने हात पाठीमागे नेले. चोरून काही खाताना सापडलेली मुलं नेतात तसे. मी जाऊन तिचा उजवा हात ओढला आणि उलटा केला. जन्मभर पेन्सिल धरलेला हात तो, नेहमी मऊ. आता बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची रांग होती, पिवळट, जुनी. असे घट्टे बारने पडतात. फुग्याने पडत नाहीत, बादलीनेही असे पडत नाहीत. एवढे दिवस मी तिच्याशी खेळत होते आणि तिचा तळहात बघितला नव्हता, कारण फुगा मारायचा हात आपल्याकडे पाठ करून येतो का तळवा, हे कोण बघतं?

“कधीपासून?”

ती खुर्चीवर बसली. मग हळूहळू सगळं सांगितलं, एकेक शब्द तपासत. आमचे खेळ सुरू झाल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी मध्येच एकदा तपासलं होतं. तपासणी पुढे ढकलली, असं तेव्हा मला सांगितलं होतं. ढकलली नव्हती. फरक शून्य होता. डॉक्टर म्हणाले, वजन उचला. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी मास्तरांकडे गेली. माझी बहीण असल्याचं सांगितलं आणि मला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. मी तिथे संध्याकाळी असायची, ती सकाळी जायची. वाचनालयात जाते म्हणून मला सांगायची. भावजींना माहीत होतं. म्हणजे भावजी संध्याकाळी बसून गुण मोजायचे तेही नाटक.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायलाच निघाले होते. त्या दिवशी तू नवीन फुगे घेऊन आलीस. लांबडे, वेगळे. किती खुशीत होतीस. मला बोलवेना.”

“आणि राजीनामा दिला तेव्हा? दवाखान्याच्या दारात? पाटी तपासलीस तेव्हा? उकार दिसला तुला, बाकी काही दिसलं नाही?”

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. तिने माझं वाईट व्हावं म्हणून हे केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं आणि मोकळी झाले असते. पण ही तर माझ्या भल्यासाठी मला फसवत होती, आणि असल्या माणसाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

“एवढं तरी सांग,” मी म्हणाले, “फुगा आवडायचा का तुला? मी रोज विचारत होते.”

“तू यायचीस ते आवडायचं,” ताई म्हणाली. “फुगा नाही गं. मला ते लोखंड आवडतं. आधी भीती वाटली, मग आवडायला लागलं. उचलायचं, ठेवायचं. तिथे मला कोणी हसवायला बघत नाही.”

मी बाहेर जिन्यात जाऊन मास्तरांना फोन लावला. मी म्हटलं, मी तुमची शिष्य होते. तुमच्या डोळ्यांसमोर मी नोकरी सोडली.

“तीपण शिष्यच आहे,” मास्तर म्हणाले. “तिने शपथ घातली होती. मी दिलेला शब्द मोडत नाही. खोकं पाठवलं ना? त्यापेक्षा जास्त मी काय सांगणार?”

म्हणजे त्यांच्या मते त्यांनी मला सांगितलं होतं. गंजक्या चकत्यांतून. मी फोन ठेवला. खालून जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

मी आत जाऊन ताईच्या कानात एवढंच म्हणाले, जे खरं आहे तेच बोल, नाहीतर बोलू नकोस. तिने मान हलवली. मला वाटलं, कळलं तिला.

हॉल भरला. हिशेबनीस आले, बसचालक सपत्नीक आले, भिंतीला साहेब समजणाऱ्या बाई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. डॉक्टरांनी पाठवलेल्या काठीवाल्या आजी पुढच्या रांगेत बसल्या. भावजी शेवटच्या रांगेत, बुटांकडे बघत. मी शिट्टी वाजवली आणि ताईला बोलावलं.

ताई उभी राहिली. पदर सारखा केला, माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागली. ती इतकी छान बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. स्टुलावरून कशी पडली ते सांगून तिने लोकांना हसवलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगून गप्प केलं. मग म्हणाली, “माझी ही धाकटी रोज संध्याकाळी एक फुगा घेऊन यायची. दुसरं काही केलं नाही मी. त्या फुग्याने माझी हाडं भरली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळे पुसले. ताई मुद्रितातली चूक सापडल्यावर बसायची तशी समाधानाने खाली बसली. पाऊण तासापूर्वी मान हलवली होती तिने. माझ्या तोंडावर, माझ्याच हॉलमध्ये, माझ्याकडे बघत ती पुन्हा तेच करत होती, आणि आता तर मला माहीत असताना.

“ताई खोटं बोलतेय,” मी म्हणाले.

सगळे हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातला भाग आहे. भिंतवाल्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या, बहिणी अशाच असतात. मला पुन्हा शिट्टी वाजवावी लागली. मी ताईकडे गेले, तिचा हात वर धरला आणि घट्टे दाखवले. सांगितलं, की हे तळघरातल्या लोखंडाचे आहेत, तिची हाडं त्याने भरली आणि हे मला आज सकाळी कळलं. फुग्याने तोल सुधारतो, दम वाढतो, माणूस उद्या पुन्हा यायला तयार होतो. ते काही थोडं नाही, पण हाडं भरायला जड उचलावंच लागतं. पाटी चुकीची आहे, ती मी उतरवणार आहे.

आता कोणी हसलं नाही. काठीवाल्या आजींनी भिंतीशी पडलेल्या खोक्याकडे बोट केलं आणि त्यात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, तेच. ते तुम्ही शिकवता का, आजी म्हणाल्या. शिकवते, मी म्हटलं, पण आज मी कोणाला नाव द्या म्हणणार नाही. घरी जाऊन विचार करा.

लोक उठले. काही जण माझ्याकडे न बघता गेले, काही जण ताईकडे बघत गेले. हिशेबनीस मला म्हणाले, मी तर चेंडूसाठी येणारच. आजी जाताना खोक्यावर काठी टेकवून बघून गेल्या. भावजी म्हणाले, खाली थांबतो, आणि जवळजवळ पळालेच.

हॉलमध्ये आम्ही दोघी राहिलो, रिकाम्या खुर्च्या आणि खेळून दाखवायला फुगवून ठेवलेला लाल फुगा.

“कशाला बोललीस?” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. जन्मात पहिल्यांदा. “सगळे नाव देणार होते. मी सांभाळलं होतं ना?”

“तेच तू आयुष्यभर करत आलीस का?”

“म्हणजे?”

खरं सांगते, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. “पत्ते,” मी म्हटलं. “सागरगोटे. बुद्धिबळ.”

ताईने खिडकीबाहेर बघितलं. “तू हरलीस की जेवायची नाहीस,” ती म्हणाली. “आई गेल्यावर पहिल्या वर्षी. रुसून झोपायचीस तशीच. मला तेवढाच उपाय सुचला. मग तीच सवय पडली.”

मी फुगा उचलला. जमिनीवरच्या रेघेच्या अलीकडे मी उभी राहिले, पलीकडे तिला उभं केलं.

“एक डाव,” मी म्हणाले. “आणि खरा खेळ. आयुष्यात एकदा तरी.”

ती नको म्हणाली. मी फुगा मारला. तिने सवयीने तो माझ्या हातात येईल असा परत केला, अलगद, वर्षभर करत होती तसाच. मी तो धरला आणि नुसती बघत राहिले. मग पुन्हा मारला. या वेळी ताईने चष्मा काढून खुर्चीवर ठेवला.

मला माहीतच नव्हतं ती अशी खेळू शकते. तिचा खांदा फिरला की फुगा कोपऱ्यात जायचा, मी कोपऱ्यात पोचेपर्यंत ती दुसऱ्या बाजूला मोकळी उभी. मी साडी खोचली, खुर्च्या पाडल्या, गुडघ्यावर घसरले. मी ट्रेनर आणि मला धाप लागली. ती जागेवरून फारशी हललीही नाही. तिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे होते, मास्तरांनी रोवलेले. शेवटचा फटका तिने वरून मारला. फुगा माझ्या बोटांना लागून माझ्याच पायाशी पडला, दोनदा उडाला आणि थांबला.

दोघींपैकी कोणी हसलं नाही. ताईने चष्मा घातला, पदर सारखा केला आणि पाडलेल्या खुर्च्या उभ्या करायला लागली. सगळ्या झाल्यावर माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, “आता जेवशील ना?”

“नाही,” मी म्हणाले.